सासूबाईंचा डोह

ट्राउटमित्र मंडळाचे अध्यक्ष होनोरिनो यांना गावात कुणी होनोरिनो म्हणत नसे, एक बायको सोडली तर. अख्खी हयात त्यांनी अरुंद रुळांच्या गाडीच्या स्टेशनवर काढली, तेव्हापासून ते 'मास्तर'. दिवसाला गाड्या इनमीन तीन, त्यातली एक बहुधा यायचीच नाही. पण मास्तर शिट्टी अशी फुंकायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, सगळं माद्रिद इथूनच हलतंय. निवृत्तीच्या दिवशी शिट्टी सरकारजमा झाली आणि मास्तरांचा श्वास रिकामा राहिला. तो त्यांनी भाषणांना लावला.

भाषणाचा विषय एकच, ट्राउट. कुरुएन्यो नदी लेओनच्या डोंगरांतून बर्फाचं पाणी घेऊन खाली येते, त्या पाण्यात ट्राउट नावाची मासळी असते, आणि गावातले पुरुष कोंबड्याच्या पिसांची खोटी माशी गळाला बांधून ट्राउट धरतात, घरी आणतात आणि खातात. बापजाद्यांपासून हे असंच चाललं होतं आणि यात काही चुकतंय असं कुणाच्या, निदान खाणाऱ्यांच्या, ध्यानात आलं नव्हतं. ते मास्तरांनी आणून दिलं.

"ट्राउट ही आपल्या नदीची पाहुणी आहे," मंडळाच्या सभेत ते म्हणाले होते. "पाहुणीला दारात बोलवावं, तोंड पाहावं, क्षेमकुशल विचारावं आणि मानानं परत पाठवावं. पाहुणीला कुणी तळून खातं का?"

"वजन किती आहे पाहुणीचं, त्यावर आहे," मागच्या बाकावरून ओव्हिदिओ म्हणाला. ओव्हिदिओ खाटीक होता आणि मास्तरांचा बालमित्र, म्हणजे पन्नास-साठ वर्षं दोघांनी एकमेकांना एकही मासा कबूल केला नव्हता.

पण सभासद दमले होते, बाहेर अस्तेरियाच्या बारमध्ये जेवण निवत होतं, म्हणून नियम मंजूर झाले. पुलापासून वरच्या पडक्या गिरणीपर्यंत धरलेली प्रत्येक ट्राउट जिवंत परत सोडायची. चुकून मेलीच तर मेलेलीही पाण्यातच सोडायची, म्हणजे मारण्यात कुणाला नफा उरू नये. आणि नदीवर मोबाइल आणायचा नाही. "जो मोबाइल घेऊन नदीवर जातो, तो ट्राउटसाठी नाही, फोटोसाठी जातो," हे वाक्य मास्तरांना इतकं आवडलं की त्यांनी ते पाटीवर लिहून पुलाजवळ ठोकलं.

एप्रिलातल्या रविवारी हंगाम उघडला. डोंगरमाथ्यावर अजून बर्फ होतं, खाली काठावरची पिवळी झुडपं फुलली होती आणि पाणी असं गार की रबरी विजारीतूनही हाडाला लागावं. बाकीचे सभासद पुलाखालीच उभे राहिले, कारण पुलाजवळ ट्राउट असो-नसो, बार होता. मास्तर एकटेच वर गिरणीच्या डोहाकडे गेले. अध्यक्षानं घोळक्यात उभं राहणं बरं दिसत नाही, असं कारण त्यांनी दिलं. खरं कारण असं, की मागच्या वर्षी घोळक्यात त्यांचा गळ काठावरच्या अल्डर झाडाच्या फांदीत तीनदा अडकला होता आणि तिन्ही वेळा ओव्हिदिओनं टोपी काढून फांदीला नमस्कार केला होता.

दुपारी ऊन जरा तापलं, पाण्यावर किडे उडायला लागले, आणि डोहाच्या पलीकडच्या कडेला, फांदीच्या सावलीत, पाण्यावर एक वर्तुळ उमटलं. आवाज नाही, शिंतोडा नाही. एखाद्या घरंदाज बाईनं ओठ न हलवता चहाचा घोट घ्यावा तसं. मास्तरांनी तपकिरी पिसाची माशी बांधली, एकदा चुकले, दुसऱ्यांदाही चुकले, आणि तिसऱ्यांदा वाऱ्याची एक झुळूक आली नि तिनं त्यांची माशी नेमकी जिथं पडायला हवी होती तिथं नेऊन ठेवली. पुढे ही झुळूक मास्तरांच्या आठवणीत राहिली नाही.

गळाची काठी वाकली. दोरी डोहभर फिरली. छाती धडधडली, एकदा तर ते पाण्यात बसलेच. पण अखेर ट्राउट जाळीत आली. आली म्हणजे मधला भाग आला, डोकं आणि शेपूट बाहेरच राहिली. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, आणि वर चांगली वीतभर. सोनेरी कूस, काळे-तांबडे ठिपके, आणि डोळा असा, की मास्तरांचं एकही भाषण तिला पटलेलं नाही.

आता पाहुणीचं तोंड पाहून झालं होतं. क्षेमकुशलही झालं. उरला होता निरोप.

मास्तरांनी आजूबाजूला पाहिलं. नदी, डोंगर, आकाश. वसंतात देवानं जे जे द्यायचं ते सगळं दिलं होतं, साक्षीदार तेवढा दिला नव्हता. पलीकडच्या काठावर एक गाय रवंथ करत होती, पण मंडळाच्या घटनेत गाईच्या साक्षीची तरतूद नव्हती. मोबाइल घरी होता. नियम होता ना.

"अरे, कुणी आहे का रे तिकडं?" मास्तर ओरडले. शिट्टीच्या सवयीचा आवाज होता, पण बर्फाच्या पाण्यापुढे शिट्टी काय करणार? "ओव्हिदिओ! अरे ए ओव्हिदिओ!"

ओव्हिदिओ त्या वेळी अस्तेरियाच्या बारमध्ये सेसिनाचे, म्हणजे खारवून सुकवलेल्या गोमांसाचे, काप खात होता.

ट्राउट अशी सोडली तर संध्याकाळी बारमध्ये काय होईल, हे मास्तरांना लख्ख दिसत होतं. ते हात पसरून लांबी दाखवणार, ओव्हिदिओ त्यांचे हात धरून हळूहळू जवळ आणणार, सगळे हसणार. छे. कुणीतरी येईलच. दोन मिनिटं थांबावं. त्यांनी तिला उथळ पाण्यात धरून ठेवलं. मग काठीला लावून मापायला बाहेर काढली. माप विसरले म्हणून पुन्हा काढली. मग नुसतंच बघायला काढली. कुणी आलं नाही. गाय मात्र पाणी प्यायला आली, प्याली आणि गेली. आणि मास्तरांनी जेव्हा अखेर, मोठ्या मनानं, हात सैल सोडले, तेव्हा ट्राउट कुठंच गेली नाही. कुशीवर वळली आणि तशीच राहिली. त्यांनी तिला पुढे-मागे हलवलं, प्रवाहाकडे तोंड करून धरलं, "अगं जा ना, जा ना बाई," म्हणून विनवलंही. पाहुणी पाहुणचारानंच गेली होती.

मास्तर काठावर बसले. त्यांना वाईट खरंच वाटलं, हे मान्य करायला हवं. डोळ्यांत पाणीही आलं असेल. पण मग नियम आठवला: मेलेली पाण्यात सोडायची. सोडली तर ती वाहत वाहत कुठं जाणार? पुलाखाली. पुलाखाली कोण उभं? सगळं ट्राउटमित्र मंडळ. आणि वरच्या अंगाला कोण गेलं होतं? एकटे अध्यक्ष.

त्यांनी इकडं तिकडं पाहिलं आणि ट्राउट रबरी विजारीच्या डाव्या पायात सरकवली, डोकं खाली करून.

मांडीला लागून तेवढी मोठी ट्राउट असली की माणूस नीट चालू शकत नाही. मास्तर रस्त्याला लागले तोच नदीच्या रखवालदाराची, व्हेनान्सिओची, जीप मागून आली.

"काय हो मास्तर, पाय?"

"गुडघा. दगडावरून सरकला."

"अरेरे. या, बसा बसा. अध्यक्षांना चालत कसं जाऊ देऊ?" व्हेनान्सिओनं त्यांना हाताला धरून पुढच्या सीटवर चढवलं. डावा पाय वाकेना. "चांगलाच आखडलाय की! हाड तर नाही ना मोडलं? बघू?"

"हात नको लावूस!" मास्तर किंचाळले.

"बरं, बरं." थोडं अंतर गेल्यावर व्हेनान्सिओनं काच खाली केली. "मास्तर, राग मानू नका, पण आज नदीचा वास जरा जास्तच लागलाय तुम्हाला."

"नदीवर प्रेम असलं की लागतो," मास्तर म्हणाले.

घरी बायको बाउदिलिया मसूर निवडत होती. नवऱ्यानं दार लावलं, खिडक्यांची झडपं ओढली, विजारीत हात घातला आणि ट्राउट टेबलावर ठेवली. बाउदिलियानं आधी ट्राउटकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"ही परत पाठवायची विसरलास वाटतं?"

मास्तरांनी सगळं सांगितलं. गाईसकट.

"म्हणजे लोकांना दाखवायला धरून ठेवलीस," ती म्हणाली, "आणि आता जगात कुणाला दाखवता येत नाही ती एवढीच एक वस्तू तुझ्याजवळ आहे. छान. लसूण सोल."

"बाउदिलिया, हिला पुरलं पाहिजे कुठंतरी..."

"पुरायचं? परसात? शेजारची मांजरं गावभर दवंडी देतील. आणि असली ट्राउट पुरायची म्हणजे पाप आहे, होनोरिनो. एक पाप झालंय तेवढं बस."

कढईत ती मावेना. तिरकी घातली, मावेना. बाउदिलियानं सुरा घेतला आणि तुकडे केले, आणि प्रत्येक घावाला मास्तरांची लांबी वीत-वीत कमी होत गेली. मग लसूण, लाल मिरचीची पूड, शिळा पाव, असा आमच्याकडचा ट्राउटचा रस्सा झाला. भर दुपारी झडपं लावून, दिवा पेटवून, दोघं जेवली. मास्तरांनी तीनदा वाढून घेतलं. दुःखात भूक लागते काही जणांना.

पुढच्या शनिवारी मास्तर लंगडत लंगडत (लंगडणं एकदम थांबवता येईना) अस्तेरियाच्या बारमध्ये शिरले, तर ओव्हिदिओ भोवती गर्दी जमवून उभा.

"गिरणीच्या डोहात," तो सांगत होता. "काल. एक ट्राउट आहे बाबांनो, ट्राउट कसली, डुक्कर आहे! पलीकडच्या फांदीखाली असते. गळाला लागली, एकदा बघितलं माझ्याकडं आणि दोरी तोडून गेली. एवढी!" त्यानं हात पसरले.

मास्तरांनी ते हात पाहिले. माप जवळजवळ बरोबर होतं.

"शक्य नाही," ते म्हणाले.

"का शक्य नाही?"

आता काय सांगणार? "म्हणजे... शक्य आहे. पण शक्य नाही."

"मास्तरांचा गुडघा डोक्यात चढला," ओव्हिदिओ म्हणाला, आणि सगळे हसले.

ओव्हिदिओ खोटं बोलत होता की एखादा ओंडका त्याच्या गळाला लागला होता, देव जाणे. पण त्या दिवसापासून साथ पसरावी तशी ती ट्राउट पसरली. टपालवाल्याला ती दिसली. टपालवाल्याच्या मेहुण्याच्या तर दोन काठ्या तिनं मोडल्या. डोळे आल्यामुळे महिनाभर घराबाहेर न पडलेल्या एकानंही तिला पाहिली. मोठी, जुनी, क्वचित दर्शन देणारी आणि दिसली की छातीत धस्स करणारी, म्हणून तिचं नाव पडलं 'सासूबाई'. पालेन्सियाहून, ओव्हिएदोहून मोटारी यायला लागल्या. डोहावर नंबर लागायला लागले. अस्तेरियानं हॅम घातलेल्या लांब पावाला सासूबाईंचं नाव दिलं आणि तो दुप्पट खपू लागला.

आणि या सगळ्या माणसांत सासूबाई आता नेमक्या कुठं आहेत हे ठाऊक असलेला एकच इसम होता. तो कोपऱ्यात बसून ओरुखो दारूचा पेला फिरवायचा. रात्री अंथरुणात बायकोला म्हणायचा, "आज आणखी दोघांच्या हातून सुटली म्हणे."

"सुटणारच," बाउदिलिया म्हणायची. "तू पचवलीस कधीच."

मे महिन्यात मंडळानं समारंभ ठेवला. गिरणीच्या भिंतीला संगमरवराची पाटी बसवायची ठरली: ज्यांच्या दूरदृष्टीमुळे ही ट्राउट आज जिवंत आहे ते अध्यक्ष, वगैरे वगैरे, खाली नाव. मास्तरांनी तीनदा नकार दिला. लोकांना तो विनय वाटला आणि पाटी आणखी मोठी झाली.

सगळं गाव जमलं. पाद्रीबाबांनी डोहावर पाणी शिंपडलं, ज्याची डोहाला फारशी गरज नव्हती. मास्तरांनी कागदावरचं भाषण खाली मान घालून वाचलं. लोकांना वाटलं, गहिवरले. इथवर सगळं निभावलं असतं. पण मग ओव्हिदिओ पुढे आला.

"मित्रहो, एक गोष्ट मी आजवर बोललो नव्हतो," ओव्हिदिओ म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखर भरून आला होता. "परवा पहाटे मी सासूबाईंना धरलं. या, या हातांत. मी एकटाच होतो. कुणी बघत नव्हतं. खाटीक माणूस मी, सुरा कमरेला. पण मला आपल्या मास्तरांचे शब्द आठवले. पाहुणी. मी तिचं तोंड पाहिलं, क्षेमकुशल विचारलं, आणि दिली सोडून. साक्षीदाराची मला गरज वाटली नाही."

बायकांनी रुमाल काढले. टाळ्या सुरू झाल्या. मास्तरांनी त्या हातांकडे पाहिलं, त्या जाड, लाल, निर्लज्ज हातांकडे, आणि त्यांच्या आत एवढे आठवडे दाबून ठेवलेलं काहीतरी फुटलं. त्याला पश्चात्ताप म्हणता येणार नाही. पश्चात्ताप असता तर आवाज एवढा मोठा निघाला नसता.

"खोटं आहे! मी खाल्ली तिला!"

टाळ्या थांबल्या.

"मी धरली! पहिल्याच दिवशी! ह्यानं नाही, मी! कोपरापासून इथपर्यंत, वर वीत! आणि खाल्ली! रस्सा करून!"

मग कुणीतरी खिदळलं, आणि मग सगळा काठ हसला. ओव्हिदिओ तेवढा हसला नाही. त्यानं मित्राच्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, अरे, माझ्या हाती लागली म्हणून एवढं मनाला लावून घेतोस? तुझ्याही लागेल कधीतरी."

"व्हेनान्सिओ!" मास्तर रखवालदाराकडे वळले. "दंड कर मला. मी कबूल करतोय, कर दंड. तुझ्याच जीपमधून नेली मी तिला! विजारीत होती!"

व्हेनान्सिओ विचारात पडला. "माझ्या जीपमधून?"

"हो!"

"सरकारी जीपमधून, माझ्या शेजारी बसून, चोरीची ट्राउट गेली आणि मला कळलं नाही, असं म्हणताय?"

"हो, हो!"

"मग ती नव्हती," व्हेनान्सिओ शांतपणे म्हणाला. "मी अठ्ठावीस वर्षं नोकरी केली आहे, मास्तर. तुमचा गुडघा होता तो. मी स्वतः बघितला आखडलेला."

आता एकच साक्षीदार उरली होती. सगळ्या माना बाउदिलियाकडे वळल्या. ती काळ्या ठेवणीतल्या झग्यात पाटीजवळ उभी होती.

"बाउदिलियाताई," अस्तेरियानं विचारलं, "हंगामाच्या पहिल्या दिवशी काय केलं होतंत हो दुपारी?"

"मसूर," बाउदिलिया म्हणाली.

घरी आल्यावर, दार लागताच मास्तर फुटले. "मसूर? बाउदिलिया, मसूर?"

"मग काय सांगायचं होतं?" तिनं कानातले काढून डबीत ठेवले. "तू चोर ठरलास तर मी चोराची बायको, आणि वर चोरीचं रांधणारी. तू खोटारडा ठरलास तर त्यात काय? मासे धरणाऱ्याची बायको, सगळ्या गावाच्या बायकांसारखी. मला त्यांच्यात बसायचंय अजून."

"पण सत्य..."

"सत्याला तू तीनदा वाढून घेतलंस, होनोरिनो. आता उरलंय कुठं?"

अध्यक्षपद गेलं नाही. जाण्यासाठी कुणी रागवावं लागतं, आणि मास्तरांवर कुणी रागावेना. लोक त्यांच्याशी हळू आवाजात, आजारी माणसाशी बोलावं तसं बोलू लागले. अस्तेरिया पैसे न घेता ओरुखो ओतायची आणि सुस्कारा सोडायची. ओव्हिदिओ तर रोज घरी यायला लागला, सॉसेज घेऊन. साठ वर्षांच्या शत्रुत्वात मास्तरांना एवढा अपमान कधी सोसावा लागला नव्हता.

जूनच्या सुरुवातीला ओव्हिदिओच त्यांना ओढून डोहावर घेऊन गेला. रांगेत पालेन्सियाचे दोन डॉक्टर होते, टपालवाला होता, त्याचा मेहुणा नवी काठी घेऊन होता. "मास्तरांना पुढं जाऊ द्या रे," ओव्हिदिओ म्हणाला, आणि सगळे समजूतदारपणे बाजूला झाले.

मास्तर पाण्यात उतरले. या डोहात काही नाही हे जगात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांचा हात मुळीच कापत नव्हता. त्यांनी कंटाळून दोरी फेकली. एरवी फांदीत अडकणारी माशी आज फांदीखाली, सावलीत, अलगद उतरली. त्यांनी जांभई दिली.

पाण्यावर एक वर्तुळ उमटलं.

चांगली जागा नदीत फार दिवस रिकामी राहत नाही. एक भाडेकरू गेला की खालच्या डोहातला दुसरा, जरा लहान, वर येऊन बसतो. हे मास्तरांनी स्वतः कितीतरी सभांत सांगितलं होतं. पण काठी वाकली, दोरी किंचाळत सुटली, आणि डोहाच्या मध्यावर एक सोनेरी कूस क्षणभर पालथी होऊन चमकली, तेव्हा त्यांना सभा आठवली नाही, रस्सा आठवला नाही, काही म्हणजे काही आठवलं नाही. छाती तशीच धडधडली. दोन डॉक्टर ओरडत होते, ओव्हिदिओ टोपी हवेत फेकत होता. मग टच्चकन आवाज झाला आणि दोरी सैल पडली.

मास्तर कमरेइतक्या पाण्यात, तोंड उघडं टाकून, तसेच उभे. मग काठाकडे वळले. चेहरा लाल, डोळे ओले.

"बघितलीत?" ते ओरडले. "बघितलीत का? तीच! सासूबाई! अरे, एवढी!" काठी काखेत मारून त्यांनी दोन्ही हात पसरले, आणि पसरलेले हात पुरेनात म्हणून आणखी पसरले.

"म्हणजे मास्तर," टपालवाल्यानं काठावरून सावकाश विचारलं, "खाल्ली नव्हतीत ना तुम्ही?"

"कुणी, मी?" मास्तर म्हणाले. "वेडा आहेस का तू? पाहुणीला कुणी खातं?"

ओव्हिदिओ पाण्यात उतरला, त्यानं मास्तरांचे पसरलेले हात मनगटापाशी धरले आणि नेहमीप्रमाणे हळूहळू जवळ आणायला सुरुवात केली. मास्तरांनी शिवी हासडली. ओव्हिदिओनं परतफेड केली. काठावर सगळ्यांना हायसं वाटलं, आणि टपालवाल्याचा मेहुणा म्हणाला की आता नंबर त्याचा आहे.